भिंगमामांचं फडकं आणि मी

मी स्पेसर बोलतोय. नाव ऐकून लगेच कपाळाला आठ्या घालू नका. दम्याचा पंप तुम्ही पाहिला असेल. खिशात मावतो, दाबला की फुस्स करतो आणि मोकळा होतो. त्या फुस्सचं पुढे काय होतं, याची त्याला काडीचीही फिकीर नसते. ती फिकीर करणारा मी. पारदर्शक प्लास्टिकचं एक गोल पोट, एका टोकाला पंप खोचायची जागा, दुसऱ्या टोकाला तोंडात धरायची नळी आणि तिच्या आत एक नाजूक झडप, एवढाच काय तो माझा संसार.

मी आतून पूर्ण पोकळ आहे आणि हे मी अभिमानानं सांगतो. पंपातून औषध सुटतं ते असं सुसाट, की थेट तोंडात मारलं तर बरंचसं घशावरच आदळतं. मी त्याला पोटात घेतो, जरा शांत करतो, म्हणतो, "बस बाबा घटकाभर." मग माणूस सावकाश श्वास घेतो आणि औषध शहाण्यासारखं छातीत जातं. कुणी घाईनं श्वास ओढला तर मी शिट्टी वाजवतो. मला बोलता येतं ते एवढंच, बाकी सगळं मनातल्या मनात.

माझा जन्म एका झगझगीत कारखान्यात झाला. प्लास्टिकचा गरम रस साच्यात ओतला गेला, साचा मिटला, उघडला, आणि मी बाहेर! केसांना जाळी बांधलेल्या एका बाईंनी मला उजेडात धरून गरागरा फिरवलं, झडपेला टिचकी मारली आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ गं, कसा गुटगुटीत निघालाय!" मी लाजेनं चूर झालो. पुढच्याच क्षणी त्यांनी मला खोक्यात कोंबलं.

औषधांच्या दुकानात माझी जागा वरच्या फळीवर होती. एका बाजूला खोकल्याच्या बाटल्या, दुसऱ्या बाजूला थर्मामीटर. गिऱ्हाईक पंप घ्यायचं, माझ्याकडे बघायचं आणि म्हणायचं, "हे एवढं धूड कोण घेऊन फिरणार?" धूड म्हणे! मी रुसून खोक्यात पडून राहायचो.

मग एके दिवशी ती आली. दिसायला नाजूक, चण चिमणीएवढी. तिनं औषधवाल्याशी बोलायला तोंड उघडलं आणि असा काही भसाडा आवाज निघाला, की तिच्यामागे कुणी दणकट पुरुष उभा आहे का, ते औषधवाल्यानं वाकून पाहिलं.

"हसू नका," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी खार आहे."

औषधवाला दोन पावलं मागे सरकला. मग उलगडा झाला. कार्टूनच्या सिनेमांना ती आवाज द्यायची, आणि मुलांच्या लाडक्या एका उनाड खारीचा आवाज तिचा होता. स्टुडिओत सगळे तिला खारूताईच म्हणत. तिला दमा होता. डॉक्टरांनी रोज घ्यायचा तपकिरी पंप दिला, त्यानं छाती सुधारली, पण घसा बसला आणि जिभेवर पांढरे डाग उठले. खार बोलायला लागली की ट्रकचं इंजिन सुरू झाल्यासारखं वाटायचं. शेवटी तिनं गुपचूप पंप बंद केला, धाप लागली, आणि डॉक्टरांकडून बोलणी खाऊन ती तडक दुकानात आली होती.

"डॉक्टर म्हणाले, औषध सोडू नका, घ्यायची रीत बदला," ती म्हणाली. "मध्ये स्पेसर लावा, आणि दर वेळी चूळ भरून, खळखळून गुळण्या करून थुंका. डागांचं औषध वेगळं दिलंय. आहे का तुमच्याकडे स्पेसर?"

आहे का! अहो, मी फळीवरून उडीच मारणार होतो.

तिच्या घरात आम्हा दोघांना पहिले धडे दिले ते तिच्या नवऱ्यानं. तो गाडी चालवायला शिकवायचा, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्याला गाडीसारखीच दिसायची. "पंप आधी हलव. बसव. दाब. आता श्वास हळूहळू ओढ, क्लच सोडतात तसा. झटका नको!" तिनं झटका दिला. मी शिट्टी वाजवली. "बघ, गाडी बंद पडली," तो म्हणाला. ती हसायला लागली, माझ्या पोटातलं औषध वाया गेलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. पण चार-आठ दिवसांत आमची जोडी छान जमली. ती न्हाणीघरात अशा गुळण्या करायची की नळ फुटला की काय असं वाटावं. हळूहळू डाग गेले, घसा मोकळा झाला, आणि एका सकाळी दात घासता घासता खार परत आली. किनरी, खट्याळ, उड्या मारणारी!

ती ऐकून सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला असेल तर तो तिच्या सासऱ्यांना. गल्लीतले सगळे त्यांना भिंगमामा म्हणत. उभा जन्म त्यांनी चष्म्याच्या दुकानात काढला होता. आता दुकान बंद झालं होतं, पण हात काही बंद झाले नव्हते. त्यांच्या खिशात एक पिवळं मऊ फडकं कायम असायचं आणि जे जे आरपार दिसतं ते ते पुसल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. पाण्याचे ग्लास, घड्याळाची काच, माशांची टाकी. पाहुणा दारात आला की ते त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घ्यायचे, फूं फूं करून पुसायचे, परत नाकावर ठेवायचे आणि मग म्हणायचे, "हं, आता या."

रोज सकाळी ते सुनेला विचारायचे, "सूनबाई, आज खार काय म्हणते?"

आणि ती खारीच्या आवाजात सांगायची, "खार म्हणते, म्हातारबा, चष्मा शोधू नका, कपाळावर आहे!"

मामा कपाळ चाचपायचे आणि आपल्या झुबकेदार मिशीत खुदखुदायचे. मधल्या काळात तिचा आवाज बसला तेव्हा ते विचारायचेच बंद झाले होते. त्यामुळे आवाज परत आला तसा त्यांनी निकाल देऊन टाकला, "ही जादू या नळकांड्याची. आजपासून याची निगा माझ्याकडे."

आणि तिथूनच माझं दैव फिरलं, पण मला मेल्याला त्याचा पत्ताच नव्हता.

सुनेनं औषध घेतलं रे घेतलं की मामा मला उचलायचे. बाहेरून फडकं, मग लाकडी चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून आतूनही फडकं. फडक्यावर पांढरट पूड यायची. ती पूड मामा सगळ्यांना दाखवायचे, "बघा, किती घाण निघाली! तुमच्या डोळ्यांना दिसत नाही, मला दिसते." आणि मी? मी चमकत होतो हो! आजवर मला इतक्या मायेनं कुणी हात लावला नव्हता. मी नुसता हवेत तरंगत होतो.

फक्त अंगावर काटा आल्यासारखं व्हायचं. टेबलावरचं पीस, कुणाचा केस, फडक्याचा धागा, जे जवळ येईल ते मला येऊन बिलगायचं. वाटलं, लोकप्रियता म्हणतात ती हीच असावी. पण औषधही बिलगायला लागलं. पंपातून आत आलं की बसायचं नाही, थांबायचं नाही, थेट माझ्या भिंतीला घट्ट मिठी! खारूताई श्वास घ्यायची तेव्हा तिच्या वाट्याला बहुतेक नुसती हवा यायची. मी आतून ओरडत होतो, "अरे, जा ना पुढे!" पण शिट्टीपलीकडे माझी मजल नाही, आणि ती तर श्वास अगदी बरोबर घेत होती.

व्हायचं तेच झालं. छाती पुन्हा सूं सूं वाजायला लागली. मग निघाला निळा पंप, तातडीचा. आधी कधीतरी लागायचा, मग रोज, मग दिवसातून कितीदा तरी. निळ्यानं धाप जरा कमी व्हायची, पण हात थरथरायचे आणि छातीत कुणी ढोल बडवतंय असं व्हायचं. ती कप उचलायची तर बशी नाचायची.

स्टुडिओत मी तिच्या पिशवीतून सगळं पाहायचो. भिंतींना जाड गाद्या, मध्ये काच, काचेपलीकडे कानाला हेडफोन लावलेला साउंडवाला. खारीच्या मोठ्या सिनेमाचं काम चालू होतं. तिनं संवादाचे कागद हातात धरले आणि माइकसमोर नुसती कागदांची फडफड.

"ताई, खार झाडावर आहे की पतंगाच्या दुकानात?" साउंडवाल्यानं आतून विचारलं.

सगळे हसले, तीही हसली. पण दिग्दर्शकबाई हसल्या नाहीत. त्या तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघ, तू मला हवी आहेस. पण शेवटचा प्रसंग असा थरथरत, धापा टाकत होणार नाही. महिनाअखेरपर्यंत नाही जमलं, तर मला दुसरी खार घ्यावी लागेल." दुसरी खार बाहेर सोफ्यावर बसलीच होती आणि हळू आवाजात सराव करत होती.

घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "हे औषधच मला बाधतंय. आधी आवाज गेला, आता हात गेले. सगळं बंद करून टाकते."

"आधी डॉक्टरांना विचारू या."

"सिनेमा होऊ दे, मग बघू."

मी पिशवीत डोकं आपटून घेतलं.

त्याच सुमारास नणंदेचा पाय मुरगळला आणि भिंगमामा तिच्या मदतीला गेले. जाताना त्यांनी मुलाला बजावलं, "नळकांडं रोज पुसत जा." मुलगा "हो" म्हणाला. पण स्वारी पक्की आळशी. तो मला भांड्यांबरोबर साबणाच्या पाण्यात बुचकळायचा आणि ओला तसाच जाळीवर पालथा टाकून द्यायचा. माझा केवढा अपमान वाटला मला! अंगावर डाग, थेंबांचे ओघळ, चमक साफ गेलेली. पण औषध मात्र गुमान पुढे जाऊ लागलं. खारूताईची छाती निवळली, निळा पंप खिशातच राहू लागला, हात स्थिर झाले. तिनं एका दमात दोन प्रसंग उरकले.

मग मामा परत आले. घरात शिरल्या शिरल्या मला पाहून त्यांनी कपाळावर हात मारला, "काय ही दशा!" आणि फडकं काढलं.

आठवड्याच्या आत तिची धाप परत.

एका संध्याकाळी स्वयंपाकघरात नवरा भाजी चिरता चिरता गमतीनं म्हणाला, "बाबा गेले तेव्हा तू बरी होतीस. आले आणि आजारी पडलीस. तुला बाबांची ॲलर्जी तर नाही ना?"

"जीभ आवर," ती भडकली. पण मग त्यांनी मनातल्या मनात दिवस जुळवून पाहिले असणार, कारण नवऱ्याची सुरी जागच्या जागी थांबली. मी ओट्यावर होतो आणि दाराची फट मला दिसत होती. फटीपलीकडे भिंगमामा वर्तमानपत्र हातात धरून उभे होते. ते पाऊल न वाजवता मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्याचं वासाचं तेल कचऱ्यात गेलं. तिसऱ्या दिवशी लोकरीची शाल शेजाऱ्यांना दिली. "जुनी झाली होती," म्हणाले. आणि मग एका सकाळी ते न्हाणीघरातून बाहेर आले ते मिशीशिवाय. ओठाच्या वर एक फिकट, लांबलचक पट्टा उरला होता. मुलाच्या हातातला कप खाली पडला.

"बाबा, मिशी?"

"उकडत होतं."

"मिशीत?"

"हो. तिथंच."

मिशीला लावायच्या मेणाचा वास सुनेला सोसत नसेल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. सुनेनं त्यांच्याकडे पाहिलं, तिला हसू आलं आणि रडू आलं आणि दोन्ही मिळून खोकल्याची उबळ आली. मामांनी लगबगीनं मला तिच्या हातात दिलं. लखलखीत, नुकता पुसलेला! मला तेव्हा स्वतःचीच इतकी चीड आली, की मी तडकलो कसा नाही कोण जाणे.

शेवटी मामांनी जाहीर केलं, "मी लेकीकडे राहायला जातो. तिचा पाय मुरगळलाय."

"तिचा पाय बरा झाला, बाबा," मुलगा म्हणाला.

"मग दुसरा पाय."

"दुसऱ्या पायाला काय झालंय?"

"होईल काहीतरी. मी असलेला बरा."

सून खोलीच्या दारात नुसती उभी राहिली. मामा हे घर सोडून चालले होते ते तिच्या श्वासासाठी, हे तिला कळत होतं, आणि थांबा म्हणावं तर छाती सूं सूं करत होती.

मामांनी पलंगावर बॅग उघडली. जुनी, जपून ठेवलेली भिंगं त्यांनी एका डब्यात ठेवली आणि ती फुटू नयेत म्हणून वरून थर्माकोलचे बारीक दाणे ओतले. दाणे सगळीकडे उडाले. मग मी टेबलावर दिसलो. त्यांनी मला हातात घेतलं. "चल बाबा, शेवटचं पुसून देतो," ते म्हणाले. पुसलं, पुसलं, अगदी मनापासून पुसलं आणि डब्याशेजारी ठेवलं.

टपाटप! थर्माकोलचे दाणे उड्या मारत माझ्या अंगावर आले. एक, दोन, मग अख्खी पलटण. मामांनी ते झटकले. झटकलेले परत आले. त्यांनी फडक्यानं घासून काढले, तर दुप्पट चिकटले. मी नखशिखान्त पांढरा झालो.

मामा थबकले. त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "प्लास्टिकची भिंगं," ते पुटपुटले. "कोरडं घासलं की धूळ ओढायची. म्हणून आपण ती धुवायचो." त्यांनी मला उजेडाकडे धरून आत डोकावून पाहिलं. त्या सकाळच्या औषधाची पांढरट साय कोपऱ्याला फडक्यातून सुटून राहिली होती. त्यांनी ती बोटानं टिपली. मग हातातल्या पिवळ्या फडक्याकडे पाहिलं. माझ्या आयुष्यात इतकी शिट्टी वाजवावीशी मला कधी वाटली नव्हती.

"सूनबाई!" असा काही आवाज फुटला, की टाकीतले मासे दडून बसले. "चोर सापडला! चोर सापडला गं! मीच!"

त्याच दुपारी सगळी वरात दवाखान्यात. मामा, सून, मुलगा आणि थर्माकोलच्या दाण्यांसकट मी. मामांनी डॉक्टरांसमोर मला पुसून दाखवलं, दाणे उडवून दाखवले, फडकं दाखवलं. डॉक्टर आधी हसू दाबत होते, मग ते गंभीर झाले.

"बरोबर ओळखलंत. कोरडं घासलं की आत स्थिर वीज धरते आणि औषध भिंतीलाच बसतं. कोमट पाण्यात थोडा साबण घालून बुडवायचा, पुसायचा नाही, घासायचा नाही, आपोआप वाळू द्यायचा." मग ते सुनेकडे वळले. "आणि तुम्ही! निळा पंप इतका लागत होता, तेव्हाच यायला हवं होतं. हात थरथरतात ते त्या निळ्याच्या माऱ्यानं. तपकिरी नीट छातीत पोचला की निळ्याची गरजच कमी होईल. आवाजासाठी गुळण्या चालू ठेवा."

"म्हणजे," मामांनी घसा खाकरला, "हिला माझी ॲलर्जी नाही?"

"तुमची? छे हो!"

"परत सांगा."

"तुमची ॲलर्जी नाही."

"जरा मोठ्यानं. मुलाला ऐकू जाऊ द्या."

डॉक्टरांनी मोठ्यानं सांगितलं. बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनीही ऐकलं. सुनेनं मामांचा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

बॅग रिकामी झाली. भिंगं कपाटात गेली. महिना संपायच्या आत खारीचा शेवटचा प्रसंग झाला. त्यात खार कड्याच्या टोकावर उभी राहून, एकदाही न थांबता, सगळ्या जंगलाला शिव्या घालते. काचेपलीकडे साउंडवाल्याच्या शेजारी भिंगमामा बसले होते. कागद हलला नाही. श्वास तुटला नाही. संपल्यावर दिग्दर्शकबाईंनी टाळी वाजवली आणि मामांनी आनंदाच्या भरात साउंडवाल्याचा चष्मा काढून पुसला.

आता माझं वय झालंय. झडप थोडी सैल पडलीय, शिट्टी पूर्वीसारखी खणखणीत वाजत नाही, आणि माझ्या जागी यायचा नवा गडी कपाटात खोक्यात तयार आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर एवढं मात्र ऐका. औषधानं त्रास झाला म्हणून औषध सोडू नका, आधी डॉक्टरांशी बोला. आणि आम्हाला पुसू नका. आमच्यावर प्रेम असलं तरी पुसू नका.

आज मला धुऊन खिडकीत टांगलंय. अंगावरून थेंब ओघळताहेत. भिंगमामा समोर खुर्ची टाकून माझी राखण करताहेत, हात शिवशिवतात म्हणून दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून. नवी मिशी बऱ्यापैकी वाढलीय. मघाशी शेजारच्या काकू आल्या आणि मला बघून हळहळल्या, "अगंबाई, केवढे डाग! आणा, पटकन पुसून देते." त्यांनी रुमाल पुढे केला.

मामा खुर्चीतून ताडकन उठले.

"खबरदार हात लावाल तर!" ते म्हणाले. "मला याच घरात राहायचंय."